जाळीमागचं कुंकू

ती केस आठवली की आजही मला एकट्यालाच हसू फुटतं आणि बायको विचारते, आता काय झालं?

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईंचा हात मशीनच्या चाकात सापडला. दवाखान्यातून आमच्या पोलीस ठाण्यात एमएलसी, म्हणजे जखमीची खबर, आली, मी जबाबाला गेलो. बोटं वाचली होती. तरी बाई रडत होत्या, त्या दुखण्यानं नव्हे. मालकानं निरोप धाडला होता की चाकावरची जाळी तुम्हीच काढलीत, चूक तुमची, आता कामावर येऊ नका. "जाळी नव्हतीच की साहेब," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

पंचनाम्याला गेलो तर प्रत्येक मशीनवर जाळी. मालक असा ताठ, जणू सत्कारालाच उभा आहे. संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला की जाळ्या अपघातानंतर बसवल्यात. पण ऐकीव गोष्टीवर केस टिकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारखाना गाठला. अपघाताच्या दोनच दिवस आधी खंडेनवमी झालेली, त्या दिवशी कामगार आपापल्या मशीनची पूजा करतात. बाईंच्या मशीनवरच्या जाळीतून माझी नजर आत गेली आणि मनात म्हटलं, सापडलास रे गड्या!

मशीन दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावलं. आवाज न चढवता विचारलं, जाळी कधीपासून आहे? मशीन आल्यापासून. उघडता कधी? कधीच न्हाय, पूजेलाबी न्हाय. मग म्हटलं, आतल्या चाकावर कुंकवाचं बोट उमटलंय, तसंच आता लावून दाखव. गड्यानं इकडून बघितलं, तिकडून बघितलं, शेवटी हात खाली सोडला.

"बोट जात न्हाय, साहेब," म्हणाला आणि स्वतःच हसायला लागला. मग भडाभडा सगळं सांगितलं. खोटं बोलणारी माणसं शब्द जुळवतात, चाक पुसायचं विसरतात.

यंत्राबाबत हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला, कारखाना निरीक्षकांना कळवलं. बाई सन्मानानं कामावर परतल्या. फिरत्या चाकावर जाळी हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे, हे त्या केसनंतर मी प्रत्येक कारखान्यात खडसावून सांगत आलो.

पुढच्या खंडेनवमीला बाईंनी मला बोलावलं. एक बोट जरा ताठ, बाकी हात पहिल्यासारखा चालत होता. लई आनंद झाला मला. झेंडूच्या माळांत मशीन सजलेली. त्यांनी कुंकू चाकाला नाही, जाळीला लावलं.

"औंदा मान हिचा," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुमच्या टोपीलाबी लावू का, साहेब?"

मी टोपी काढून पुढे केली. तो डाग मी बायकोला अजून धुऊ दिलेला नाही.