दगड नव्हे, शिडी

वहिनींच्या दुकानाची काच मी फोडली. हे मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं आणि एक माणूस सोडला तर कुणीही विश्वास ठेवला नाही, म्हणून इथे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो.

झालं असं. आमच्या गल्लीतून दर वर्षी एक मोर्चा जातो. ‘देश आमचा, बाकीचे पाहुणे’ अशा धर्तीचा. झेंडे, ढोल, छातीवर बिल्ले, आणि घोषणा अशा की एकट्यादुकट्याने तोंडावर म्हटल्या तर कानाखाली बसेल. पण शेकडो जण मिळून म्हणाले की त्याला देशप्रेम म्हणतात. ह्या मोर्चावर बंदी यावी म्हणून एका निवृत्त गुरुजींनी समिती काढली होती. तिच्यात गुरुजी अध्यक्ष, आणि बाकी सगळं मी. तर ‘मोर्चा बंद करा’ असा फलक लावायला मी बांबूची शिडी खांद्यावर घेऊन निघालो. मागून टेम्पोने हॉर्न दिला. मी वळून पाहिलं. मी वळलो म्हणजे शिडीही वळली.

ज्या बाईंसाठी बंदी मागत होतो, त्यांचीच काच. आमच्या गावाकडच्या शाळेत तरफेचा धडा चालू असताना मी खिडकीबाहेर बघत असे, त्याचे मार्क त्या दिवशी मिळाले.

भर दुपार. वहिनी बटणं आणायला गेलेल्या, समोरचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वाकलेला. मी शिडी भिंतीला टेकवली आणि झाडू आणायला माझ्या खोलीवर, म्हणजे त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, धावलो. खाली येईपर्यंत गल्ली जमली होती आणि निकालही लागला होता. काचांच्या ढिगात एक गोल, गुळगुळीत दगड सापडला होता.

“मोर्चावाल्यांनी मारला,” गुरुजी म्हणाले.

“समितीवाल्यांनीच मारला, आमच्या नावावर खपवायला,” सलूनवाला म्हणाला. तो दर वर्षी त्या मोर्चात झेंडा घेऊन चालतो.

“अहो, मी फोडली! ही काय शिडी!”

गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पोरावर दबाव आलेला दिसतोय.”

“पढवून ठेवलंय त्याला,” सलूनवाला म्हणाला.

दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

तेवढ्यात आरपारकाका आले. हे काचवाले, पलीकडच्या बोळात त्यांचं दुकान. अंगाने इतके बारीक की उजेडात उभे राहिले तर पलीकडचं दिसावं, म्हणून आरपार. बोलणंही तसलंच. “ह्या आरशात मी जाड दिसते का हो?” असं एका बाईने विचारलं, तर काका म्हणाले होते, “आरसा चांगला आहे.” बाई आरसा न घेता गेल्या, आणि काकांना अजून कळलेलं नाही की का.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. भावाचं दुकान काकांनी पुढे चालवलं आणि वहिनींना शिलाईचं दुकान थाटून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतात, “मापात बसणारी मिळाली नाही.” ते ‘वहिनी’ म्हणतात म्हणून सगळी गल्ली वहिनी म्हणते, त्यांच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. दुपारचं जेवण वहिनींच्या कापड कापायच्या टेबलावर.

“भाऊजी, सांडाल कापडावर.”

“सांडलं तर नक्षी म्हणून विका.”

असं रोज. ह्या दोघांचा गुन्हा एवढाच की काकांचे आजोबा सीमेपलीकडून आले होते. ‘जिथून आलात तिकडे चालते व्हा’ ही मोर्चाची लाडकी घोषणा त्यांच्यासाठी, आणि ती देताना मोर्चा नेमका वहिनींच्या दुकानासमोर थांबतो. गेल्या वर्षी इतका रेंगाळला की शिवता शिवता मशीनची सुई वहिनींच्या बोटात गेली. त्यांनी सुई काढली, बोटाला चिंधी गुंडाळली आणि मशीन चालूच ठेवलं. थांबलं तर घाबरली असं दिसेल म्हणून. ते नख अजून वाकडं उगवतं.

काकांनी जमिनीवरच्या काचा पाहिल्या, मग शिडी पाहिली, मग मला पाहिलं.

“कुठून वळलास?”

“डावीकडून.”

“हं,” ते म्हणाले आणि झाडू माझ्या हातून घेतला. विश्वास ठेवणारा एकटा माणूस तो हा.

इतक्यात वहिनी आल्या. गुरुजींनी त्यांच्यापुढे दगड धरला. आता हे मला दुसऱ्या दिवशी समजलं, पण वाचणाऱ्याला तिष्ठत कशाला ठेवू? तो दगड वहिनींचाच होता. कापताना कापड सरकू नये म्हणून टेबलावर ठेवत, तो. शिडीच्या धक्क्याने खाली पडला होता. वहिनींनी ओळखला, बोलायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. काकांनी ते पाहिलं आणि मान खाली घालून झाडत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोलीस साहेब आले. भला माणूस होता. स्टुलावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. मोर्चाला परवानगी अजून मिळायची होती.

“हे बघा,” साहेब काकांना म्हणाले, “नुसत्या घोषणांवर मला परवानगी नाकारता येत नाही. वरून विचारतात, कुणाला लागलं का, काही फुटलं का? आता फुटलंय. हा पोरगा काहीही बडबडतोय, पण काचा तुम्ही उचलल्यात. दगडानं फुटली एवढं तुम्ही म्हणा, पुढचं मी बघतो.”

वहिनी एका कोटाचे धागे तोडत होत्या. तोडून झालेले धागेही पुन्हा तोडत होत्या. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द काका म्हणाले की ह्या वर्षी त्या काचेसमोर कुणी उभं राहणार नव्हतं.

“बंदी मलाही हवी,” काका म्हणाले. “ह्या पोरापेक्षा जास्त हवी. ह्याला नुसता फलक लावायचाय. मला इथं रोज जेवायला बसायचंय. पण काच शिडीनं फुटली.”

“अहो, काय हे!” गुरुजी उठूनच उभे राहिले. “चांगल्या कामासाठी—”

“गुरुजी, हा गल्लीभर सांगत सुटलाय शिडी शिडी म्हणून. आज ना उद्या कुणीतरी खरं मानेल. मग काच खोटी, तर वहिनीचं बोटही खोटं, घोषणाही खोट्या, सगळंच आम्ही रचलेलं. आणि साहेब, घोषणा तुम्ही ऐकल्यात ना? दर वर्षी बंदोबस्ताला असता. त्या कमी पडतात, म्हणून काच पाहिजे?”

साहेबांनी टोपी फिरवली. “माझ्या हातात नाही ते.”

“मग ज्याच्या हातात आहे त्याला ऐकवा.”

“आणि तो दगड?”

काकांनी वहिनींकडे पाहिलं नाही. “दगड काय, कुठंही पडलेला असतो.”

सलूनवाला उंबऱ्याशी येऊन ऐकत होताच. “बघा! म्हणजे आम्ही नव्हतो!”

“नव्हतास. मग काय, पाठ थोपटू?”

“तसं नाही काका. पण मी म्हणतो, आज आमचा मोर्चा बंद कराल, उद्या ह्याच कायद्यानं तुमची समिती बंद करतील. रस्ता सगळ्यांचा आहे.”

“ही समिती तुझ्या दारात उभी राहून तुला गावाबाहेर काढायला ओरडत नाही.”

“मी कुठं ओरडतो? मी फक्त झेंडा धरतो.”

“हं. आणि झेंडा धरून ऐकत काय असतोस?”

सलूनवाल्याला एकदम आठवलं की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळत असणार.

परवानगी मिळाली. त्या दुपारी वहिनींनी काकांचं ताट वाढलं, पण स्वतः बसल्या नाहीत.

“एकदा खोटं बोलला असता तर काय झिजला असता, भाऊजी? आधीच उरलाय केवढा!”

काका जेवत राहिले.

“मी गप्प बसले होते ना? तुम्हालाही बसता आलं असतं.”

“गप्प बसायला कुणी सांगितलं असतं तर बसलो असतो वहिनी. त्यांना बोलायला हवं होतं.”

मी आपलं वातावरण निवळावं म्हणून म्हणालो, “तात्पुरत्या फळ्या मारून घेऊ का?” गुरुजींचीही तीच सूचना होती.

“फळ्या नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “फळ्या दिसल्या की त्यांना वाटेल, गेली बाई. मोर्चा येईल तेव्हा तिथं काच पाहिजे आणि काचेमागं मी पाहिजे. एवढं तरी करा.” हे ‘एवढं तरी’ काकांना लागलं. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

एवढी मोठी काच मिळेमिळेपर्यंत मोर्चाचा आदला दिवस उजाडला. बोळातून ती काकांनी आणि मी आणली, “काच! काच!” असं ओरडत. मला पुढे चालू दिलं नाही. “तू मागं राहा. तुझं वळणं बघितलंय मी.” जुनी काच थोरल्या भावाने जाण्याआधी कापून ठेवलेली होती, हे त्यांनी मला वाटेत सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. मला शिडीखाली जाऊन बसावंसं वाटलं.

चौकट लाकडी. तिच्यात काच बसवायची, कडेने लांबी भरायची, म्हणजे खडूची पूड आणि तेल मळून केलेला गोळा, आणि बाहेरून लाकडी पट्ट्या ठोकायच्या. काका लांबी अंगठ्याने अशी भरतात की बघणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाही येईल. मी करून पाहिलं. माझा भाग त्यांनी न बोलता उकरून काढला.

“सुकायला आठवडा लागतो हिला,” ते म्हणाले. “उद्या ढोल वाजले की काच थरथरणार. साहेबांना म्हटलंय, इथं ढोल थांबवा. म्हणाले, विनंती करतो.” म्हणजे वाजणार, हे आम्हा दोघांनाही समजलं.

सकाळी पाहतो तर खालची पट्टी खिळ्यापाशी उभी चिरलेली. पोलिसांनी कठडे लावून बोळ बंद केला होता. काकांचं दुकान पलीकडे, आम्ही अलीकडे. सगळी दुकानं बंद. फक्त सलूनचं शटर अर्धं वर, आणि आत सलूनवाला छातीला बिल्ला लावत होता. काका वाकून शटरखालून आत गेले.

“एक पट्टी पाहिजे. लांब.”

“आज? मी निघालोय काका.”

“म्हणूनच पाहिजे. तुम्ही येणार ना ढोल घेऊन.”

सलूनवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. मग मोठ्या आरशाखालची पट्टी त्याने स्वतःच उचकटली, आरशाला खाली दोन खिळे मारले आणि पट्टी काकांच्या हातात दिली. “संध्याकाळी परत हं. आरसा सरकला तर लोकांचे कल्ले वरखाली होतील माझ्या हातून.”

“संध्याकाळी,” काका म्हणाले.

स्वतःच्या मोर्चाच्या ढोलांनी काच पडू नये म्हणून स्वतःच्याच आरशाखालची पट्टी काढून देणारा झेंडेवाला मी तरी पहिल्यांदाच पाहिला. मी तसं म्हणणार होतो, पण काकांनी डोळे वटारले.

मोर्चा आला, आणि थांबला. काकांनी काचेवर दोन्ही तळवे टेकले, खाली गुडघा लावला आणि मला कोपरा धरायला सांगितलं. “काही झालं तरी वळू नकोस.” पाठ मोर्चाकडे, तोंड काचेकडे. काचेच्या आत, हातभर अंतरावर, वहिनी मशीनवर. ढोल सुरू झाले तशी काच माझ्या बोटांखाली गुणगुणायला लागली, आणि मग घोषणा. मी त्या दर वर्षी वरच्या खिडकीतून ऐकत आलोय. पाठीवर घेतल्या की वेगळ्या असतात. काकांच्या मानेचा घाम कॉलरमध्ये उतरत होता. वहिनींनी एकदा मान वर करून पाहिलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, पण मशीन थांबलं नाही आणि हात हलले नाहीत.

“चला रे पुढे, ऊन चढतंय!” मागून कुणीतरी ओरडलं. आवाज मी रोज ऐकतो. खुर्चीमागून ‘नेक्स्ट’ म्हणणारा तोच. आभाळ चांगलं भरून आलेलं होतं, ऊन औषधालाही नव्हतं. पण मागची रांग रेटायला लागली आणि मोर्चा हलला.

ढोल चौकापलीकडे गेल्यावरही काका तसेच उभे. शेवटी वहिनींनी आतून काचेवर टकटक केलं. त्यांचं बोलणं काचेतून ऐकू आलं नाही, म्हणून त्या दारात आल्या.

“काढा आता हात, भाऊजी. डाग पडतात.”

त्यांनी काच आतून पुसली, काकांनी बाहेरून. मग दोघांनी जेवून घेतलं. त्या दिवशी वहिनी बसल्या.

आता गुरुजी सगळीकडे सांगतात की काकांनी मोर्चाकडे पाठ फिरवून निषेध नोंदवला. मोर्चातले काही जण म्हणतात, पाठ दाखवून अपमान केला. काकांना विचारलं तर म्हणतात, “लांबी ओली होती.” बंदीसाठी आम्ही नवा अर्ज केलाय. ह्या वेळी त्यात काच नाही, फक्त घोषणा आहेत, शब्दन् शब्द. त्या मला काकांनी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. सांगताना एकदाही अडखळले नाहीत. उत्तर अजून आलेलं नाही. सलूनवाल्याला सही करतोस का विचारलं, तर म्हणाला, “घोषणांच्या खाली मी कशी सही करू?” मी म्हटलं, “देताना बरं चालतं?” त्याने माझे केस जरा जास्तच बारीक कापले.

पट्टी अजून काचेखालीच आहे. काकांच्या दुकानात तसल्या पट्ट्यांची मोळी उभी आहे. मी म्हटलं, मी नेऊन देतो एक. “ती त्या मापाची नाही,” म्हणाले. आणि रोज सकाळी सलूनवाला शटर वर करून रस्त्यापलीकडून ओरडतो, “काका, माझी पट्टी!”

“संध्याकाळी!” काका ओरडतात.