आक्कांचा चौक

नळाला पाणी आलं की आक्का आधी रांगेतले बेवारशी हंडे बाजूला काढायच्या. "नंबर मान्साचा असतोय, हंड्याचा न्हाई," असं म्हणत हंडा उचलायच्या आणि भिंतीला टेकवून ठेवायच्या. मग ज्याचा हंडा असेल तो तोंडाला साबण तसाच ठेवून धावत यायचा. त्यामुळे आमच्या चाळीतल्या अठरा बिऱ्हाडांना रोज सकाळी तासभर एकमेकांसमोर उभं राहावंच लागे. भांडणं व्हायची ती तिथंच. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, कुणाचे वडील दवाखान्यात आहेत, हेही तिथंच कळायचं.

शिरूरच्या जुन्या बाजारपेठेत, दुकानांच्या मागे ही चाळ होती. अरुंद बोळातून आत आलं की फरशीचा चौक आणि तिन्ही बाजूंना खोल्या. मालक पुण्यात राहायचे. आक्कांचे यजमान बाजारात हमाली करायचे. ते लवकर गेले आणि आक्का गोधड्या शिवू लागल्या. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायचे. दुपारी त्या चौकात गोधडी पसरायच्या आणि चार कोपऱ्यांवर चार बाया बसायच्या. "बसलीच हाईस तर चार टाकं घाल की," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला म्हणायच्या. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोराही ओवता येत नव्हता. आक्कांच्या गोधडीवर बसून ती शिवायला शिकली आणि तिथंच चाळीतली झाली.

बाजाराच्या दिवशी खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बाया दुपारी आमच्या चौकात यायच्या. पाणी प्यायच्या, भाकरी सोडायच्या, लेकरांना पाजायच्या. त्यांना आत घेतलं होतं आक्कांनीच. ते आम्हाला फारसं आवडायचं नाही. एकदा मीच म्हणालो, "आक्का, ही काय धर्मशाळा आहे का?" त्यांनी शिवणावरची मान वर केली नाही. "सकाळधरनं उन्हात बसल्यात त्या. बाईमान्सानं कुठं बसावं ह्या बाजारात, तू सांग."

पुढं रांजणगावच्या कंपन्यांमुळे गावात पगारदार माणसं वाढली. पेठेतल्या जागांना भाव आला. भुसार दुकानाच्या जागी काचेचं कॉफी शॉप झालं, शेजारी जिम आली. मग एक दिवस मालक बिल्डरला घेऊन चौकात उभे राहिले. जुन्या भाडेकरूंना प्रत्येकी एक लहान फ्लॅट आणि वरचे मजले विकायला, असं ठरलं. मी कंपनीत स्टोअरला होतो, इंग्रजी वाचता येत होतं, म्हणून चाळीनं मला सेक्रेटरी केलं.

करारनामा मी चौकात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. आक्कांनी ना फ्लॅट केवढा ते विचारलं, ना कितवा मजला ते. त्यांनी एवढंच विचारलं, "चौक ऱ्हातोय का?"

नकाशावर चौकाच्या जागी 'खुली जागा' असं छापलेलं होतं. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की ती जागा फ्लॅटधारकांच्या वाहनांसाठी राखीव आहे. मी ती ओळ वाचली होती. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, स्टोच्या आवाजात अभ्यास करायची. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहायची तिला लाज वाटायची.

"राहतोय की, आक्का," मी म्हणालो. "हे बघा, खुली जागा लिहिलंय."

त्यांनी कागदाकडे थोडा वेळ पाहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

इमारत उठेपर्यंत आक्का सणसवाडीला भाड्याच्या खोलीत राहिल्या. आजूबाजूला सगळी परमुलखातली कामगार पोरं. परत आल्या त्या थोडी हिंदी शिकूनच. पण परत आल्यावर बोलायला कुणी राहिलं नव्हतं. प्रत्येकाच्या घरात नळ होता आणि प्रत्येकाचं दार बंद होतं. बोळ रुंद करून तिथं लोखंडी गेट बसवलं होतं. बाजाराच्या बाया पहिल्या आठवड्यात आल्या, तर वॉचमननं त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. मग आक्का चौथ्या मजल्यावरून पाण्याच्या बाटल्या घेऊन खाली यायच्या आणि गेटच्या गजांतून एकेक बाहेर द्यायच्या. लिफ्ट बंद असली की जिना उतरायच्या. गुडघे जास्तच बोलायला लागले तसं तेही थांबलं.

फ्लॅटमध्ये कॉट ठेवल्यावर गोधडी पसरायला जागाच उरत नव्हती. एका दुपारी त्यांनी ती खाली, जुना चौक होता तिथंच पसरली. मी सुट्टीवर होतो, खाली आलो होतो. दोन ओळी शिवून होतात न होतात तोच वरच्या मजल्यावरच्या एका तरुण गृहस्थांची गाडी आली. माणूस सभ्य होता. "आजी, हे माझं पार्किंग आहे, प्लीज," एवढंच म्हणाला. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. गोधडीचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, म्हणून. मी टोक धरलं, आम्ही दोघांनी गोधडी घडी केली आणि गाडी आत आली. त्यानंतर त्यांनी कुणाचीही गोधडी शिवायला घेतली नाही.

त्या दिवाळीनंतर लेक येऊन त्यांना दौंडला घेऊन गेली. फ्लॅट भाड्यानं दिला. निघताना त्यांनी माझ्या बायकोला सुयांची डबी दिली. मला म्हणाल्या, "पोरीला शिकीव."

वर्षभरानं मी दौंडला गेलो. लेकीचं घर रेल्वेलाइनच्या कडेला होतं. रेल्वेगाडी जात असली की बोलणं थांबवावं लागे. आक्का खूप बारीक झाल्या होत्या. चहा झाल्यावर मी म्हणालो, "आक्का, तो कागद वाचला तेव्हा मला माहीत होतं. खाली पार्किंग लिहिलेलं होतं."

"मला ठावं व्हतं. तुज्या तोंडावरच दिसत व्हतं," त्या म्हणाल्या.

"मग सही का केलीत?"

एक मालगाडी चालली होती. ती सरेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मलाबी घरात संडास पायजे व्हता रं. गुडघं गेलं व्हतं माजं. येकटी आडून बसले असते तर तुमी समद्यांनी माज्याशी बोलनं सोडलं असतं." मग म्हणाल्या, "तसं ते सुटलंच म्हना."

मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं आणि मुलीचं कॉलेज कसं चाललंय ते विचारलं.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. मी सोसायटीच्या ग्रुपवर तसं कळवलं. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं, "कोण होत्या या?"

मी दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. शेवटी लिहिलं, "चारशे तीनमध्ये राहायच्या."

त्यावर त्यांनी अंगठा पाठवला.