तार येईपर्यंत
कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की मला कुवेतच्या बाजारातलं आमच्या अरब मालकाचं कापडाचं दुकान आठवतं. १९५९चा उन्हाळा होता. गल्ल्यावर मी आणि कापड मापायला रत्नागिरीचा एक मुसलमान सोबती. शुक्रवारी तो नमाजाला गेला की दुकान मी सांभाळायचो, रविवारी मी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलो की तो. त्या आठवड्यात वसईला माझ्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन होतं आणि तार काही येत नव्हती. मी सारखा पोस्टात धावायचो, परत येऊन बेरजा चुकवायचो. रविवारीही दुकानातून पाय निघेना, तेव्हा सोबती म्हणाला, "जा बाबा देवळात. तार आली तर मी काय खाणार आहे ती?" गेलो. गुडघे टेकले, पण नजर मनगटावरच. शेजारी एक गोव्याची म्हातारी आया होती. ती कुजबुजली, "देवाला घड्याळ कशाला दाखवतोस, बाबा? त्याला ठाऊक आहे." मी ओशाळलो आणि घड्याळ काढून खिशात टाकलं. "प्रभू, ती तुझ्या हाती आहे," एवढंच म्हटलं आणि मिस्सा संपेपर्यंत काहीही न मागता बसून राहिलो. दुकानात परतलो तरी तार नव्हतीच, पण त्या दुपारी मी बऱ्याच दिवसांनी डबा संपवला. तार मंगळवारी आली. समोरच्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले आणि मगच ती फोडली. ऑपरेशन नीट झालं होतं. हे ऐकलं की बायको आजही फणकारते, "एवढा धीर? माझी काळजी नव्हती वाटतं!"