टकलाचा पहिला नंबर

रविवारी सकाळी उस्तादांच्या केशकर्तनाच्या दुकानाबाहेर फळ्यावर कोडं लागायचं. आधी सोडवील त्याचा पहिला नंबर. बाकीच्यांनी बाकावर बसून वाद घालावा. कोडं तसं सोपंच. वाक्य चौकटीत आडवं मांडायचं आणि फळ्यावर उभ्या रांगांनी उतरवायचं. पण उस्तादांना त्याचा केवढा अभिमान! कुणी हात टेकले की त्यांच्या कात्रीला वेगळीच धार चढे.

मग मेहुणा येऊ लागला. बायकोचा धाकटा भाऊ. भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा, घरूनच कॉम्प्युटरचं काम करणारा, आणि डोक्यावर म्हणाल तर कानांमागची झालर तेवढी उरलेली. त्याने मोबाइलवर चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिल्यांदा काना-मात्रा सुटून भलत्याच अक्षरांना चिकटल्या. मग त्याने प्रोग्रामला अख्खं अक्षर धरायला शिकवलं. त्यानंतर दोनदोनच्या, तीनतीनच्या, चारचारच्या रांगा लावून तो सगळ्या तऱ्हा दाखवू लागला. अर्थ लागेल ती मेहुण्याने उचलायची. उस्ताद खडू खाली ठेवतात तोवर हा खुर्चीत!

"कापू काय?" उस्ताद विचारत.

"आहे ते जरा नीट करा," मेहुणा म्हणे. आणि काम झाल्यावरही बाकावर ठिय्या देऊन बसे.

आयत्या बिळावर नागोबा, म्हणून उस्ताद धुमसत. बाकावरचे वादही थंडावले. यंत्रापुढे वाद कसला घालणार? शेवटी एका रविवारी त्यांनी लिहिलं, "पमाक हिनला लाटला."

मेहुण्याने मोबाइल चालवला आणि उत्साहाच्या भरात मोठ्याने वाचलं, "पहिला मान टकलाला!"

दुकान हसून लोळलं. मेहुणाही हसला. पुढच्या रविवारी मात्र तो आला नाही.

उस्तादांनी जेवताना ही गंमत बायकोला रंगवून सांगितली. ती हसली नाही.

"तो केस कापायला येत होता असं वाटलं तुम्हाला? आठवडाभर त्या खोलीत त्याच्याशी बोलायला कोण आहे?"

उस्तादांचा घास हातातच राहिला. वाईट वाटलं त्यांना, अगदी मनापासून. पण माफी मागायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. ते मेहुण्याच्या खोलीवर गेले आणि खडू पुढे केला. "या रविवारी कोडं तू घाल. मी सोडवतो."

रविवारी फळ्यावर होतं, "आजेला जवाये मीयतो."

हात दाखवून अवलक्षण! कोडी घालण्यात जन्म गेला, सोडवायची वेळ कधी आलीच नव्हती. "आजेला म्हणजे कुणाला?" बाक पुन्हा वादाने दणाणला. एका गालावर वस्तरा फिरे, की उस्ताद फळ्याकडे धावत.

"तो प्रोग्राम दे की रे!"

"स्वतः सोडवा, भावोजी."

जेवणवेळ टळून गेल्यावर कुठे तीनतीनच्या रांगा लागल्या. आज मी जेवायला येतो. आणि बिचारा सकाळपासून उपाशी बसलेला!

"अरे, तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तोंडाने सांगितलं की तुम्ही 'पुढच्या रविवारी बघू' म्हणता."

म्हणत होते खरे. उस्तादांनी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवला आणि शटर ओढायला घेतलं.