फळ्यावर न लागलेली चिठ्ठी

त्या गुरुवारची दुपार आजही मिनिटामिनिटाने आठवते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, अनेक गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. या प्रकरणाचा मात्र एकही तपशील पुसला गेला नाही. दप्तरात ते जसे नोंदवले आहे तसे घडले नव्हते. नोंद माझ्या हातची आहे, म्हणून दुरुस्तीही मीच करायला हवी. नावे कुणाचीच देत नाही.

कोयनानगरच्या पुढे घाटात आमचे छोटे पोलीस ठाणे होते. मी तिथला प्रभारी अधिकारी. माझ्या आधीच्या साहेबांनी तिथे एक पद्धत घालून दिली होती. दरीच्या काठाकाठाने जाणाऱ्या वाटेवर जो कुणी मुक्कामी जाईल, त्याने ठाण्यात चिठ्ठी द्यायची. नावे, मार्ग, मुक्कामाची जागा, परतीची वेळ. ठाणे अंमलदार ती फळ्यावर टाचणीने लावायचा. परतल्यावर ज्याने त्याने आपली चिठ्ठी काढून न्यायची. रविवारी सूर्य मावळताना फळ्यावर चिठ्ठी दिसली, की माणसे घेऊन निघायचे. वाटेवरच्या गावांनाही हे ठाऊक होते.

त्या दुपारी चारच्या सुमारास सांगलीकडची दोन भावंडे आली. बहीण कॉलेजात होती, भाऊ सैन्यभरतीची तयारी करत होता. मुलीने वहीच्या पानावर आख्खी सहल आखली होती. कुठे पाणी, कुठे जेवण, सावली किती वाजेपर्यंत, सगळे.

"साहेब, हिची यादी सॅकपेक्षा जड हाय," भाऊ म्हणाला. "टाचणीसुद्धा घेतलीया."

"तुझा बूट फाटल्यावर तीच टाचणी मागशील, दादा," ती म्हणाली. मी हसलो.

पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला फोनवर विचारून तिने मुक्काम राईत धरला होता. राई म्हणजे काठापासून बरीच आत असलेली दाट झाडी. मी त्या वाटेवर दोनदा गेलो होतो. दोनदाच, पण बोललो जन्म तिथे गेल्यासारखा.

"राईत काय बघणार? पुढं काठावर कातळ आहे, शेजारी पाण्याचं कुंड. सूर्योदय तिथून बघा."

माझ्या खिशातले लाल पेन काढून मी तिच्या चिठ्ठीतली राई खोडली आणि कातळावर फुली मारली. पोरगी जरा थबकली.

"वाटाड्या काका राईत म्हणाले होते, सर. काठाला नको म्हणाले."

"मी सांगतोय ना."

वर्दीतल्या माणसाने असे म्हटले की पुढे कोण बोलणार? ती दोघे नमस्कार करून गेली. चिठ्ठी माझ्या हातातच होती. तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला: पाटणला बंदोबस्त, ताबडतोब निघा. मी चिठ्ठीची घडी शर्टाच्या खिशात घातली आणि जीपमध्ये बसलो. स्टेशन डायरीत नोंद झाली नाही.

शनिवारी सकाळी भूकंपाचा हादरा बसला. कोयनेच्या भागात नोकरी केलेल्याला हे सांगायला नको. आम्ही बंदोबस्ताच्या मांडवात चहा पीत होतो. कपातला चहा हलला, एक हवालदार म्हणाला, "आज जरा जोरात हाय," आणि आम्ही पुन्हा पीत बसलो. ठाण्यातही कुणी खुर्चीवरून उठले नव्हते. दरीच्या काठावर या क्षणी कोण आहे, हा प्रश्न फळ्यावर चिठ्ठी असती तर कुणीतरी विचारला असता.

सोमवारी सकाळी सातला त्या भावंडांचे वडील ठाण्यात आले. द्राक्षबागेतला माणूस, पायांत मातीच्या चपला तशाच.

"आवं साहेब, पोरं काल येनार व्हती. फोन लागंना झालाय."

पोरे आली होती हे मला आठवले. मी फळ्याकडे पाहिले. फळा रिकामा. त्यांनी चिठ्ठी दिलीच नसावी, असे मी मनाशी ठरवून टाकले. खरोखर विसरलो होतो, की तेव्हाच काहीतरी कळून त्याकडे पाठ फिरवली होती, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

आठच्या सुमारास खबऱ्याचा निरोप आला. वाटाड्याच्या पडवीत शहरातली निळी सॅक दिसली होती. वडिलांनी ती ओळखली. पोलिसाला असा धागा हाती लागला की हायसे वाटते, आणि मला तर फारच वाटले. नवाच्या आत वाटाड्या माझ्यासमोर उभा होता. पन्नाशीचा, काटक माणूस.

"सॅक कुठून आली?"

"जड हुतीया म्हणून हितं यायच्या आदीच पोरीनं ठिवली, साहेब. रविवारी नेतो म्हनली."

"रविवारी आली नाहीत, तर ठाण्यात का नाही आलास?"

"चिठ्ठी असंल की तुमच्याकडं. मला वाटलं, तुमी निघाला आसाल."

"मुक्काम कुठे होता त्यांचा?"

"राईत. म्याच सांगितलंया. राईत बगा, साहेब, टाइम नका घालवू."

मी माणसे राईत पाठवली. साडेबारापर्यंत ती रिकाम्या हाताने परतली. राख नाही, दोरीची खूण नाही. मला वाटाड्या खोटे बोलतो आहे अशी खात्री झाली, आणि बाकावर बसलेल्या वडिलांच्या देखत मी त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. तो पडला नाही. गाल धरून, आवाज न चढवता म्हणाला,

"राईतच जानार हुती ती. मग जागा बदलली कुनी?"

मला लाल फुली दिसली. मी उठलो, क्वार्टरवर गेलो. रविवारी रात्री पाटणहून आल्यावर टांगलेला गुरुवारचा शर्ट खुंटीवरच होता. चिठ्ठी घामाने खिशाला चिकटली होती.

ती हातात घेऊन मी उभा राहिलो तेव्हा पोरांची भीती वाटायला हवी होती. पहिली भीती स्वतःची वाटली, हे कबूल करतो.

गावातली दोर धरणारी माणसे घेऊन आम्ही कातळावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. वाळक्या गवतावरून बूट सरकत होते. काठ सापडेना, कारण काठ राहिलाच नव्हता. शनिवारच्या हादऱ्याने कातळाची कड तुटली होती. वीसेक फूट खाली अरुंद टप्प्यावर फाटका तंबू, आणि मुलगी भावाचे डोके मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या पुढे दरी होती, तिचा तळ दिसत नव्हता.

मुलगी वाचली. भाऊ त्याच सकाळी गेला होता.

दवाखान्यात तिचा जबाब मीच घेतला. वडील उशाशी होते. ती म्हणाली, "दादा सारखा म्हणत होता, चिठ्ठी आहे, रविवारी येतील. आज सकाळीपण म्हणाला." मग माझ्याकडे पाहून, "सर, चिठ्ठीवरूनच शोधलंत ना आम्हाला?"

मी "हो" म्हणालो. वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. चिठ्ठी मला कधी मिळाली, हे दोघांनी विचारले नाही. जबाबात मी चिठ्ठीचा उल्लेख घेतला नाही. अकस्मात मृत्यूच्या कागदपत्रांत लिहिले: 'संशयित वाटाड्यास विश्वासात घेऊन विचारपूस केली असता त्याने मुक्कामाचे ठिकाण सांगितले.' त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पण ते वाक्य गावात पोचले. त्यानंतर त्याला वाट दाखवायला कुणी बोलावले नाही.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. पडवी तीच. त्याने मला ओळखले, पाणी दिले.

"जागा म्या सांगितली न्हवती, साहेब," तो म्हणाला. "गाव इचारतंय, ठावं व्हतं तर मार खाईस्तोवर का गप बसला? ह्या घरच्या पोरास्नी काय सांगू?"

"लिहून देतो," मी म्हणालो.

"आता?"

"आता."

"आदी त्या पोरीच्या बापाला दावा. मग गावाला."

काल मी सांगलीला जाऊन दाखवले. ते वडील आता थकले आहेत. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून परत दिला आणि उठून आत गेले. मी अर्धा तास बसलो. बाहेर कुणीच आले नाही. मग निघालो.

नोकरीने मला माणसे ओळखायला शिकवले, असे आम्ही अधिकारी निरोपसमारंभात सांगतो. मी एक साधा माणूस समोर उभा असताना ओळखला नाही, कारण त्याच्या जागी मला उभे राहावे लागले असते. बाकी काय शिकलो ते ठाऊक नाही. एक नोंद बाकी आहे, ती करतो.

गुरुवार, दुपारी चार. सांगलीकडील भाऊ व बहीण समक्ष हजर. काठाच्या वाटेने मुक्कामी जात असल्याची चिठ्ठी दिली. मुक्काम राईत, वाटाड्याच्या सल्ल्याप्रमाणे. प्रभारी अधिकाऱ्याने तो स्वतःच्या हाताने खोडून कातळावर केला. चिठ्ठी फळ्यावर लावली नाही. परत रविवारी, सूर्यास्तापूर्वी.