त्रेसष्ट नंबरचे अभिप्राय

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘खून डॉक्टरने केला आहे’ असं ठळक अक्षरांत लिहिणारा माणूस माझ्या हाती लागला असता, तर पुढचा खून मी केला असता. दौंडच्या त्या खाजगी वाचनालयात हा प्रकार सर्रास चालायचा. रहस्यकथा घेऊन खोलीवर यायचं, चहा करून पाय पसरून बसायचं, आणि पहिलं पान उघडताच सगळ्यावर पाणी. मी मूळचा शिरूरचा. एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून दौंडला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं, आणि भयकथा-रहस्यकथांशिवाय मला दुसरं व्यसन नव्हतं. मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

वाचनालय आप्पांचं. आप्पा निवृत्त मास्तर, स्टेशनजवळच्या एका गाळ्यात त्यांनी ते चालवलं होतं. खुनी फोडणाऱ्यांवर त्यांनी उपाय काढला. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी रेघांचा एक कागद खळीने डकवला आणि वर आपल्या वळणदार अक्षरांत ‘अभिप्राय’ असं लिहिलं. नियम दोनच. खाली आपला कार्ड नंबर टाकायचा आणि खुनी सांगायचा नाही.

लोकांना हे एवढं आवडलं की काही जण कादंबरी सोडून आधी अभिप्रायच वाचायचे. कुणी लिहायचं, ‘भूत चांगले आहे पण शेवटी फार बोलते.’ त्याच्याखाली दुसरा लिहायचा, ‘तुमच्यापेक्षा कमीच बोलते.’ सतरा नंबरने एकदा लिहिलं, ‘कमकुवत हृदयाच्यांनी वाचू नये.’ खाली लगेच आलं, ‘सतरा नंबरने आपल्या हृदयाचे इतरांना सांगू नये.’ माझा नंबर अठ्ठ्याऐंशी. मी लांबलचक लिहायचो. कागद भरला की आप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, “तुमच्यापायी मला दुसरा कागूद डकवावा लागतो.” मला त्याचाही अभिमान वाटायचा. आपल्याइतकं बारकाईने अख्ख्या तालुक्यात कुणी वाचत नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

मग त्रेसष्ट नंबर भेटला. भेटला म्हणजे कागदावरच. पेन्सिलीने लिहिलेलं, बारीक, सरळ अक्षर. पहिला अभिप्राय मी वाचला तो एका गाजलेल्या थरारक कादंबरीच्या मागे. आम्ही सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. त्रेसष्टने लिहिलं होतं, ‘गळा दाबल्यावर बाई किंचाळते असे लिहिले आहे. किंचाळता येत नाही. आवाज दोन-तीन दिवसांनी परत येतो.’

मी चाट पडलो. लेखकाला असं उघडं पाडणारा वाचक मी पाहिला नव्हता. त्यानंतर पुस्तक हातात आलं की मी आधी मागे उलटून त्रेसष्ट शोधायचो. एका भुताच्या गोष्टीवर त्याने लिहिलं होतं, ‘पावले मागून वाजतात म्हणून भीती वाटत नाही. दारात चप्पल काढल्याचा आवाज आला की वाटते.’ दुसऱ्या एका ठिकाणी, ‘नायिका बंगल्यात एकटी आहे म्हणून घाबरते. एकटी असेपर्यंत घाबरण्यासारखे काही नसते.’ आणि एका खुनाच्या कादंबरीवर, ‘खुनी कोण हे शेजाऱ्यांना आधीपासून माहीत असते. ते लेखकाने लिहायला हवे होते.’

काय माणूस आहे, असं मी म्हणायचो. त्याच्या अभिप्रायाखाली मी उत्तरं लिहू लागलो. ‘त्रेसष्ट नंबरच्या साहेबांशी सहमत. साहेबांनी स्वतःच कादंबरी लिहावी.’

रविवारी सकाळी वाचनालयातल्या बाकावर आमची बैठक असायची. मी, आप्पा आणि खाला. खाला म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. सगळं दौंड तिला सिस्टर म्हणायचं, आम्ही वाचणारे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. पन्नाशीची बाई, जाड चष्मा, आणि कादंबरीतल्या प्रेतालासुद्धा नावं ठेवील अशी जीभ. त्रेसष्ट कोण असेल यावर आमचा वाद चालायचा. मी म्हणायचो रिटायर झालेला फौजदार असणार. खाला म्हणायची, “न्हाईतर कंपाउंडर असंल. गळ्याचं बरोबर लिहिलंय त्यानं.” एवढे दोन पट्टीचे रहस्यवाचक आम्ही, पण ‘त्यानं’ या शब्दावर दोघांपैकी कुणीच अडखळलं नाही.

शेवटी मी आप्पांना एकट्याला गाठून रजिस्टर बघायला लावलं. आप्पा म्हणाले, “त्रेसष्ट व्हय? चाळीतलं हायेत ते, शिफ्टची नोकरी करत्यात. लई साधा माणूस. सवता कवा येत न्हाईत, त्यांची घरची येती दुपारची. ‘ह्यांना अमकं पुस्तक पायजे’ म्हणती आन् घिऊन जाती.” मी हे खालाला सांगितलं नाही. शोध माझा होता, आणि साहेबांशी आधी आपली ओळख व्हावी अशी मला हौस होती.

ती संधी एका उन्हाळ्यातल्या रविवारी आली. आप्पांनी सगळी कार्डं नवी करायला काढली होती आणि ज्याच्या नावाचं कार्ड त्याने स्वतः येऊन सही करायची होती. दहाच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीतला, हसतमुख माणूस आला आणि म्हणाला, “त्रेसष्ट.”

मी बाकावरून उठलोच. हात जोडले. म्हणालो, “साहेब, मी अठ्ठ्याऐंशी. तुमचे अभिप्राय वाचूनच मी पुस्तकं निवडतो.”

तो गोंधळला. “कसलं अभिप्राय?”

मला वाटलं, थोर माणसाचा विनय. मी कपाटातून ती गळ्याची कादंबरी काढली, मागचा कागद उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. मग मी दुसरं पुस्तक काढलं, ते चपलेचं. मग शेजाऱ्यांचं. मी एकेक उघडत होतो आणि तोंडाने चालूच होतं, की साहेब, हे तुम्हाला सुचतं कसं, हा अनुभव कुठला. आपल्या हाताने मी ते सगळं त्याच्यापुढे मांडलं. आजही तो बोलण्याचा सूर आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तो म्हणाला, “अक्षर चांगलं हाय.” मग पहिलं पुस्तक हातात घेऊन आप्पांना म्हणाला, “हे नेतो घरी.” सही केली, चप्पल घातली आणि सायकलवर बसून गेला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.

खाला दहा मिनिटांनी आली. मी तिला विजयी वीराच्या थाटात सांगितलं की तुझा कंपाउंडर आत्ताच येऊन गेला. तिने विचारलं, काय म्हणाला. मी म्हणालो, काही नाही, आधी म्हणाला कसले अभिप्राय, मग अक्षराचं कौतुक केलं. पुस्तकं नेहमी त्याची बायकोच नेते म्हणे.

खालाने चष्मा सारखा केला. मग तिने टेबलावर उघडी पडलेली पुस्तकं ओढली आणि पेन्सिलीच्या ओळी पुन्हा वाचल्या. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

“अरे येड्या,” ती म्हणाली, “पुरुष लिहील व्हय हे?”

मला अजूनही उमगेना. ती म्हणाली, “माझे मालक वारले तवा माझ्या नावावर कार्ड झालं. त्याच्या आधी दहा वर्सं मी त्यांच्याच कार्डावर वाचत हुते. तुझी आई कुणाच्या कार्डावर वाचती?”

माझी आई शिरूरला वडिलांच्या कार्डावर वाचायची. लहानपणापासून तिची पुस्तकं मीच आणून देत होतो, आणि वडिलांनी आयुष्यात पंचांगाशिवाय काही उघडलं नव्हतं. हे मला माहीत होतं, रोजच्या जेवणाइतकं माहीत होतं. आणि तरी दीड वर्षं मी एका बाईला साहेब म्हणत होतो. ते सगळे अभिप्राय एकदम माझ्या डोक्यात उभे राहिले. गळा, चप्पल, एकटं असणं, शेजारी. मी म्हणालो, “खाला, तो पुस्तक घेऊन घरी गेलाय.”

आप्पांनी रजिस्टरमधला पत्ता वाचून दाखवला. आम्ही दोघं निघालो. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. खाला त्या वयात माझ्यापुढे चालत होती.

बैठी चाळ होती. ओट्यावर दोन बाया तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या घराचं दार आतून बंद आणि रेडिओ मोठ्याने लावलेला. खालाने चौकशी केली तेव्हा एकीने मान वर न करता सांगितलं, “आत्ताच आल्यात मालक. नेहमीचंच हाय सिस्टर. निवळंल घटकाभरात.” खालाने दारावर थापा मारायला सुरुवात केली. “दवाखान्यातनं आलेय. दार उघडा.” ती एवढ्या जोराने बोलत होती की चाळीतली आणखी दोन दारं उघडली.

रेडिओ बंद झाला. दार त्यानेच उघडलं. शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. “या की सिस्टर,” तो म्हणाला, “बसा.” कॉटवर आमच्या वाचनालयाचं पुस्तक पडलं होतं आणि त्याच्या शेवटचा अभिप्रायाचा कागद फाडलेला होता.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली होती. तिशीची असेल. एक हात गळ्यावर. खाला तिच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, “काय झालं बाई, सांग मला.” तिने तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नुसती हवा आली.

“घसा बसलाय तिचा,” तो मागून म्हणाला. “माठातलं गार पाणी पिती उन्हातनं येऊन.”

मी तापट माणूस. कचेरीत फायलीवरून साहेबाच्या अंगावर धावून गेलेला. पण त्या दिवशी माझा हात उचलला गेला नाही. मी दारात खांबासारखा उभा होतो. शेकडो खून वाचलेला मी, खरी गोष्ट समोर आली तेव्हा उंबरासुद्धा ओलांडू शकलो नाही. जे केलं ते खालाने केलं. तिने त्या बाईचा दंड धरून तिला उठवलं आणि ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घसा बसलाय नव्हं? मग तपासाया नेते. डॉक्टर बघत्याल.” चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना. ती बाई अनवाणीच निघाली. मी माझ्या चपला तिच्यापुढे सरकवल्या, तेवढंच काय ते माझं कर्तृत्व.

दवाखान्यातून खालाने तिला परत पाठवलं नाही. तिच्या भावाला निरोप गेला. तो राहू गावाहून आला आणि तिला घेऊन गेला. नवरा दोनदा राहूला जाऊन आला, भावाने त्याला वेशीवरूनच परत लावला. हे सगळं मला खालाकडून कळत होतं. मी मात्र पंधरा दिवस वाचनालयाची पायरी चढलो नाही. खोलीतल्या रहस्यकथा उलट्या करून ठेवल्या होत्या. त्यांची मुखपृष्ठं बघवत नव्हती.

नंतर एका दुपारी खाला मला म्हणाली, “चल, मी तिला बघाया चाललेय. तू बी ये. तोंड लपवून काय उपेग न्हाई.” आम्ही एस.टी.ने राहूला गेलो. आप्पांनी दोन पुस्तकं दिली होती. भावाच्या घरासमोर लिंबाखाली ती बाजरी पाखडत बसली होती. गळ्यावरचे वळ पिवळे पडले होते. आवाज परत आला होता, जरा घोगरा. तिने पुस्तकं घेतली, उलटून मागचा कागद बघितला आणि बाजूला ठेवली. मी अख्ख्या प्रवासात तयार केलेलं वाक्य म्हणालो, की मला माफ करा, मला माहीत नव्हतं. तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

मला राहवेना. मी विचारलं, “आम्हाला कळावं, कुणीतरी यावं, म्हणून लिहीत होता का तुम्ही?”

ती खरंच आश्चर्याने बघू लागली. “न्हाई वो. कुणी येतंय हे कुठं ठावं हुतं? मला वाचाया आवडायचं. खोटं लिहिलेलं बघवायचं न्हाई, म्हणून लिहायची. घरात माझं मत कुणी इचारत न्हाई. तिथं लोक वाचायची, खाली उत्तरं बी लिहायची. तुम्हीच लिहायचा न्हवं? साहेब म्हणून. लई हसू यायचं मला.”

असं म्हणून ती हसलीसुद्धा. मी मान खाली घातली. सुपातली बाजरी पुन्हा हलायला लागली, मग थांबली. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, एखाद्या पुस्तकातली चूक सापडल्यावर माणूस बघतो तशी.

“एकच इचारायचं हुतं,” ती म्हणाली. “तुम्हाला माझं लिवलेलं एवढं आवडायचं. रजिस्टरात पत्ता हुता, दुपारची मी एकलीच असायची. दीड वर्सात एकदा तरी घरी का आला न्हाईत?”