दाराजवळची खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कर्नलकाकांइतकं रिकाम्या खुर्चीचं ऐकणारा माणूस अख्ख्या चंदीगड-मोहालीत सापडायचा नाही. काकूंचं ते ऐकत नसत, डॉक्टरांचं तर नाहीच नाही. साखर बंद सांगितली तरी चहात दोन चमचे जास्तच घालत. पण आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणून बैठकीला बसले की दाराजवळ एक खुर्ची रिकामी ठेवायला लावत. चहा कमी पडला तरी तिच्यापुढे एक कप जायचाच. सगळं ठरलं की फौजेतल्या सवयीने विचारत, "कोई शक?" समोसे गार होत असायचे, त्यामुळे आम्ही एका सुरात "नहीं, साहब" म्हणून मोकळे व्हायचो. काका मात्र त्या खुर्चीकडे बघत थांबायचे. कधी मान डोलवायचे, कधी ठरलेलं सगळं मोडून टाकायचे. आम्ही त्यांच्या माघारी हसायचो, पण त्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती झाली नाही.

एका वर्षी विसर्जन कालव्यावर करायचं ठरलं. काका खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिले, "ठीक कह रहे हो" असं पुटपुटले आणि विसर्जन सोसायटीतल्या हौदात करायला लावलं. आम्ही चरफडलो. विसर्जनाच्याच संध्याकाळी, आमची मुलं जिथे उभी राहणार होती तिथलाच कालव्याचा काठ खचला. मी खोदून विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बर्फात गस्त पाठवली होती मी. कोई शक, विचारलं. सगळे नहीं साहब म्हणाले. माझ्या सुभेदाराच्या चेहऱ्यावर शंका होती, पण मी थांबलो नाही. तो परत आला नाही. पुढारी बुडतो तो इथेच बघ, विचारतो आणि उत्तराआधी उठतो."

गेल्या हिवाळ्यात काका गेले आणि अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच बैठकीत मिरवणूक विमानतळाच्या रस्त्याने न्यायचं ठरलं. मी विचारलं, सगळे हसत "नहीं, साहब" म्हणाले, आणि उठता उठता माझी नजर दाराकडे गेली. तिथे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. दुसरी कुणी मांडली, कुणालाच सांगता येईना. मी पुन्हा बसलो आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत थांबलो. मग कधीच तोंड न उघडणाऱ्या, हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "त्या रस्त्यावर गाड्या फार जोरात येतात. मुलं असतील सोबत. मला भीती वाटते."

आम्ही रस्ता बदलला. काकांची फार आठवण आली. दाराजवळ मी दोन कप ठेवले, आणि एकात दोन चमचे साखर जास्त घातली. आता तरी त्यांनी डॉक्टरांचं का ऐकावं?